थोरल्याची वाटी

घरात दुसऱ्या बाळंतपणाची चाहूल लागली म्हणजे पहिल्या खेपेची धांदल काही उरत नाही. पहिल्या वेळी माहेर आणि सासर दोन्हीकडे उत्साह असतो. डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, मुलगी माहेरी जाते आणि तिची आई रात्र रात्र जागते. दुसऱ्या वेळी सारे अंगवळणी पडलेले. माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो, त्याच्या दोऱ्या ओढून पाहतात. पहिल्याची टोपडी-दुपटी ट्रंकेतून निघून उन्हात पडतात. बाज सैल झाली असेल तर आवळून घेतात. डिंक, अळीव, मेथी, खारीक, खोबरे, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांच्या पुड्या बाजारातून येतात. अलीकडे या यादीत दवाखान्याचे कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद यांची भर पडली आहे; पण यादी तीच. ती घरातल्या म्हाताऱ्या बाईला तोंडपाठ असते, कुणी लिहून काढीत नाही.

या यादीत एक नाव बहुधा नसते. घरात आधीपासून जे मूल वावरत असते, त्याचे. त्याच्यासाठी काय आणायचे, त्याला कोण जेवू घालणार, त्याने कुणाजवळ निजायचे, याचा विचार झालाच तर अगदी शेवटी होतो, आणि तोही ‘त्याला दोन दिवस आजोळी पाठवा’ एवढ्यापुरता. आपल्या भाषेत मात्र एक चांगला शब्द आहे. एकामागून जन्मलेल्या भावंडाला आपण ‘पाठचं भावंड’ म्हणतो. ‘माझ्या पाठीवर एक बहीण आहे’ असे सांगतो. दुसरे मूल हे पहिल्याच्या पाठीवर येते. ती पाठ किती भक्कम आहे, हे कुणी पाहायचे? आजच्या भाषणात मला या पाठीचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो मी घरापासून सुरू करतो.

माझ्या आजीला पहिला मुलगा झाला १९४७ साली. ‘झेंडा लागला त्या वर्षी’ असे ती सांगे. आमचे गाव माणदेशाच्या कडेचे. पावसाचा भरवसा नाही, पण जमीन होती, जनावरे होती, घर अगदीच कंगाल नव्हते. पोरगा अंगाने चांगला होता. तो सव्वा वर्षाचा असेल-नसेल तोच आजीला पुन्हा दिवस गेले. ‘गरवार बाईचं दूध लेकराला बाधतं’ हा त्या काळचा ठाम समज. सासूने कडुनिंबाचा पाला वाटून दिला, तो लावून आजीने पोराचे दूध तोडले. पोर तीन दिवस रडले आणि मग रडायचे थांबले. पुढे त्याचे जेवण म्हणजे ज्वारीच्या कण्या, कधी ताकात, कधी नुसत्या मिठात. म्हशीचे दूध होते, पण ते सकाळीच घागरीतून तालुक्याला जाई. मीठ-मिरचीचे पैसे त्याच्यावरच निघत.

१९४९ साली माझे वडील जन्मले तेव्हा थोरला दोन वर्षांचा होता. आजी बाजेवर, आणि थोरला उंबऱ्यापाशी. तिकडे न यायची त्याला ताकीद होती. महिना-दीड महिन्यात त्याचे पाय सुजले, मग तोंड सुजले. ‘लोक म्हणायचे, पोर कसं बाळसं धरायला लागलंय,’ आजी सांगे. त्याचे काळे केस भुरकट तांबूस झाले. पायावरची कातडी भाजल्यासारखी सोलपटून निघू लागली. आधी तो सारखा किरकिर करी, पुढे तेही करीना. कुणी खाऊ दाखवला तर तोंड फिरवी. दृष्ट काढली, अंगारा लावला, वैद्याचा काढा झाला. भुईमुगाच्या शेंगा काढायच्या दिवसांत तो गेला.

मग गावाने जे म्हणायचे ते म्हटले: ‘धाकट्यानं थोरल्याला गिळलं.’ माझ्या वडिलांनी हे वाक्य कळायला लागल्यापासून ऐकले. भांडणात ऐकले, थट्टेत ऐकले, एकदा तर लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडच्या एका गृहस्थांकडून ऐकले. ते कधी उलट बोलले नाहीत.

मी इतिहासाचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. पण पुढे ब्रिटिश वसाहतींचा इतिहास वाचीत असताना एका वेगळ्याच मुलखातील मुलांचे वर्णन माझ्यासमोर आले. सुजलेले पाय, तांबूस केस, सोलणारी कातडी, खाण्याकडे पाठ. मी ते पान दोनदा वाचले. आजीने सांगितलेले पोर त्या पानावर होते. तो मुलूख म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला गोल्ड कोस्ट, १९५७ साली स्वतंत्र झाल्यापासून ज्याला आपण घाना म्हणतो तो. आणि वर्णन करणाऱ्या बाईंचे नाव डॉ. सिसिली विल्यम्स.

या बाईंची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. त्यांचा जन्म १८९३ साली जमैका बेटावर झाला. ऑक्सफर्ड आणि लंडन येथे त्या वैद्यक शिकल्या. १९२९ साली वसाहतींच्या वैद्यकीय खात्यात त्यांना नोकरी मिळाली आणि गोल्ड कोस्टला नेमणूक झाली. पण हुद्दा ‘स्त्री वैद्यकीय अधिकारी’ असा, आणि पगार पुरुष डॉक्टरांपेक्षा कमी. आक्रा शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात त्यांचे काम चाले. तेथे एक ते चार वर्षांची मुले येत, अंग सुजलेली, केस विटलेले, आणि त्यांतली बरीच मरत. सरकारी डॉक्टरांच्या वहीत कारणे लिहिलेली असत: जंत, हिवताप, उपदंश. विल्यम्सबाईंना ते पटेना. त्यांनी मृत मुलांची शवपरीक्षा स्वतः केली. त्याखेरीज आणखी एक गोष्ट केली, जी त्या काळचे साहेब डॉक्टर सहसा करीत नसत. त्यांनी तिथल्या बायकांना विचारले, की बायांनो, तुम्ही या दुखण्याला काय म्हणता?

त्या भागात गा नावाची भाषा बोलतात. त्या भाषेत या दुखण्याला नाव होते: ‘क्वाशिओरकोर’. त्याचा अर्थ, विल्यम्सबाईंनी समजून घेतला तो असा, की पुढचे मूल जन्मल्यावर आधीच्या, जागेवरून उठवल्या गेलेल्या मुलाला होणारा आजार. एका शब्दात सगळे निदान होते. मूल आजारी पडते ते कुठल्या हवेने नव्हे, घरात त्याची जागा गेली म्हणून. जागा म्हणजे आईची मांडी, आणि मांडी म्हणजे दूध. दूध गेल्यावर त्याच्या वाट्याला येई मक्याची आंबवलेली पेज. पोट भरे, अंग भरत नसे.

१९३३ साली विल्यम्सबाईंनी या आजारावर निबंध प्रसिद्ध केला आणि १९३५ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय पत्रात त्याच गा शब्दाने आजाराला नाव दिले. नामांकित तज्ज्ञांनी तो उडवून लावला. मका खाणाऱ्यांत होणारा पेलाग्रा नावाचा रोग आहे, तोच हा, नवीन काही नाही, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी शांतपणे दाखवून दिले की तो वेगळा आहे. जग पुरते पटायला दुसरे महायुद्ध संपावे लागले. १९५२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांनी मिळून आफ्रिकेतल्या या रोगावर अहवाल काढला तेव्हा हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकांत कायमचा बसला. तोवर बाई मलायात बदलून गेल्या होत्या. तेथे १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात डब्यातल्या गोड दुधाच्या जाहिरातींवर त्यांनी असे भाषण केले की त्याचे नावच ‘दूध आणि खून’ होते. पुढे जपान्यांनी सिंगापूर घेतल्यावर त्या कैदेत पडल्या, जगल्या, आणि १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बालक विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या.

आता कुणी म्हणेल, ही आफ्रिकेतली गोष्ट. तर आपल्याकडचे पाहू. सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा ‘माधवनिदान’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ आहे, वैद्यांना रोगनिदान शिकवणारा. त्यात बालरोगांच्या प्रकरणात ‘पारिगर्भिक’ नावाचा रोग सांगितला आहे. गर्भिणी आईचे दूध पिणाऱ्या मुलाला तो होतो. लक्षणे कोणती? खोकला, मंद झालेली भूक, ओकारी, सुस्ती, अंग रोडावणे, अन्न नकोसे होणे, भोवळ, आणि पोट वाढणे. याच रोगाचे दुसरे नाव दिले आहे ‘परिभव’. परिभव म्हणजे पराभव, मानहानी. आक्र्याच्या कोळिणी-बाजारकरणींची भाषा आणि आपल्या पंडितांचे संस्कृत यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघांनी एकाच पोराकडे पाहून जवळजवळ एकच शब्द काढला. मला याचे फार नवल वाटते, आणि थोडी लाजही. कारण हे इतके जुने ज्ञान असूनही माझ्या चुलत्याच्या कामी ते आले नाही.

का आले नाही, याचाही विचार केला पाहिजे. जुन्या लोकांनी पाहिले ते खरे होते. कारण मात्र चुकीचे बांधले. पाठचे मूल पोटात आले की थोरले खंगते, हे त्यांनी बरोबर हेरले. मग दोष कुणाचा? आईच्या दुधाचा. गरवारपणात दूध नासते, विषारी होते, म्हणून ते तोडा. आणि दूध तोडल्यावर पोर आणखी खंगले की समज आणखी पक्का: पाहा, किती विष भिनले होते! आजचे डॉक्टर सांगतात की आईची प्रकृती ठीक असेल, ती नीट जेवत असेल आणि आधी गर्भपात किंवा दिवस भरण्यापूर्वीच बाळंतपण असा काही धोका नसेल, तर दिवस गेल्यावरही अंगावर पाजायला हरकत नाही. दूध कमी होते, चवही बदलते, त्यामुळे पुष्कळ मुले आपणहून सोडतात. पण ते विष खचित नव्हे. माधवनिदानाने उपाय सांगितला तो भूक प्रदीप्त करण्याचा. तो वैद्याने दिलाही असेल. पण भूक लागल्यावर खायला काय, हा प्रश्न राहतोच. घरी कण्याच असतील तर काढ्याने काय होणार?

आणि इथे मला पुन्हा त्या शेंगा आठवतात. आजी सांगे, पोर गेले त्या आठवड्यात सोप्यात शेंगांची दोन पोती होती. ‘मग त्याला का नाही दिल्या?’ असे मी एकदा विचारले होते. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. शहाणपणाचा ताठा होता. आजी म्हणाली, ‘अरे, लहान लेकराला शेंगा बाधतात म्हणायचे. पित्त होतं, खोकला होतो. आन् बाळंतिणीला लाडवाला लागायच्या होत्या.’ पुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. फ्रान्समधील आंद्रे ब्रियाँ या डॉक्टरने १९९० नंतरच्या दशकात कुपोषित मुलांसाठी एक तयार खाद्य शोधून काढले. आज जगभर दुष्काळात, निर्वासितांच्या छावण्यांत, मरणाच्या दारातली मुले त्यावर उठून बसतात. ते काय आहे? शेंगदाण्याचे वाटण, त्यात दुधाची भुकटी, साखर, तेल, क्षार व जीवनसत्त्वे. अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो हे खरे, तेवढ्यापुरते म्हातारी माणसे बरोबर होती. पण वाटलेल्या कुटाला काय धाड भरली होती?

शास्त्रज्ञ तरी चुकत नाहीत असे कुठे आहे? क्वाशिओरकोरचे नाव झाल्यावर जगातल्या पंडितांनी ठरवून टाकले की हा सगळा प्रथिनांच्या, म्हणजे डाळ, दूध, अंडी, मासळी यांत असणाऱ्या घटकाच्या अभावाचा परिणाम. मग प्रथिनांच्या भुकट्या निघाल्या, योजना निघाल्या, परिषदा झाल्या. आपल्याकडे कुन्नूरला पोषणावर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती, ती १९५८ साली हैदराबादला गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तेथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब घरांतील मुलांचे रोजचे खाणे मोजले, तेव्हा दिसले की आपल्या मुलांच्या ताटात प्रथिनेच तेवढी कमी आहेत असे नाही. एकूण अन्नच कमी आहे. १९७४ साली डोनाल्ड मॅकलारेन या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्येच लेख लिहून प्रथिनांच्या या साऱ्या खटाटोपाला फजिती म्हटले. नुसत्या प्रथिनांच्या कमतरतेने क्वाशिओरकोर होतो, हे मत आता मागे पडले आहे. दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान, कण्या पातळ. मोठ्यांच्या दोन वेळांच्या पंगतीत त्याचे भागत नाही. त्याला दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, तेल-तूप घातलेले, डाळ-दाणा मिसळलेले लागते, आणि शेजारी बसून भरवणारे माणूस लागते. आई बाजेवर असताना कमी पडते ते बहुधा हे शेवटचे.

दुसऱ्या बाळाची खरी तयारी म्हणून ती येण्याआधी वर्ष-दीड वर्ष सुरू व्हायला हवी, असे म्हटले तर लोक हसतील. पण दोन मुलांमधले अंतर हीच ती तयारी. पूर्वी निसर्ग थोडेफार अंतर राखी. मूल अंगावर पीत असले की बाईला लवकर दिवस जात नाहीत, हे सर्व देशांतल्या बायकांना ठाऊक होते. मात्र त्याचा भरवसा पहिल्या सहा महिन्यांपुरता, आणि तोही मूल निव्वळ आईच्या दुधावर असेल व पाळी परत आली नसेल तर. पुढे नशीब. हे अंतर नशिबावर सोडू नका, असे महाराष्ट्रात उघडपणे सांगणारे गृहस्थ म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले अंगावर घेतले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते मासिक बंद पडू दिले नाही. त्यांची सगळीच मते आपणा सर्वांना पटतील असे नाही. मलाही पटत नाहीत. पण बाईला दोन बाळंतपणांमध्ये श्वास घ्यायला वेळ हवा, हे त्यांचे म्हणणे सरकारला पटायला १९५२ साल उजाडले. त्या साली भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम केला. पुढे लाल त्रिकोणाच्या पाट्या गावोगाव लागल्या. त्या पाट्या लोकसंख्येविषयी फार बोलत आणि थोरल्या पोराविषयी थोडे, अशी माझी तक्रार आहे. ‘देशात माणसे फार झाली’ हे शेतकऱ्याला परके वाटते. ‘मांडीवरचं अजून चालत नाही, तोवर दुसरं नको’ हे त्याच्या आईला कुणी न सांगता कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ साली सांगितले की एक बाळंतपण झाल्यावर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी निदान २४ महिने जावेत. म्हणजे दोन मुलांत पावणेतीन वर्षांचे अंतर पडते. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, मग वरचे अन्न आणि दूध दोन्ही, दोन वर्षांपर्यंत व त्याहून पुढेही, ही शिफारस आता सर्वांना माहीत आहे. दोन्ही आकडे एकापुढे एक ठेवून पाहा. पहिल्याचे दूध सुटते आणि मग दुसरे पोटात येते. माझ्या चुलत्याला मिळाले होते सव्वा वर्ष.

या विषयात शिक्षकांचाही भाग आहे, आणि माझ्या श्रोत्यांत ते पुष्कळ आहेत म्हणून एक हकीकत सांगतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली दोघी जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तिथे त्यांना अडचण दिसली ती अशी, की सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. आई रानात किंवा मजुरीवर. मुलीला शाळेत बोलवायचे तर कडेवरच्याचे काय? शाळेचा निरीक्षक म्हणाला असता, गैरहजर. या बायांनी उलट केले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी भरवले आणि त्याला ‘विकासवाडी’ म्हटले. थोरलीने धाकट्याला घेऊनच यावे. धाकटा पाळणाघरात, मधला बालवाडीत आणि थोरली पाटीवर अक्षर काढते आहे. मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच अंगणात जावे, ही ताराबाईंची अंगणबालवाडीची कल्पनाही याच कामातली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना जे नाव मिळाले ते ‘अंगणवाडी’.

व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर या मानसशास्त्रज्ञाने पहिल्या मुलाला सिंहासनावरून उतरवलेल्या राजाची उपमा दिली होती. पुन्हा तीच कल्पना, तिसऱ्या देशात! ॲडलर घरातले दुसरे अपत्य होते, तेव्हा ही उपमा त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिली असणार. वर्गात एखादे शांत पोर एकाएकी खोड्या काढू लागले, किंवा बोलेनासे झाले, पाचव्या वर्षी अंथरूण ओले करू लागले, तर छडी उचलण्यापूर्वी गुरुजींनी विचारावे, घरी पाळणा हलतो आहे का?

सरकारी मदतीतही दुसरे मूल आले आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळत. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर तिच्यासाठी ६,००० रुपयांची तरतूद झाली. मुलगी नकोशी होऊ नये हा हेतू आहे आणि तो रास्तच आहे. अंगणवाडीत गरोदर बाईचे नाव घातले जाते, तसे सहा वर्षांखालच्या थोरल्याचेही असतेच. त्याचा आहार, त्याचे वजन हे त्याच वहीत दुसऱ्या पानावर. बाईचे नाव घालायला जाल तेव्हा ते दुसरे पानही एकदा उलटायला सांगावे. थोरल्याच्या वजनाची रेघ आताच आडवी पडू लागली असेल, तर बाळंतपणाची वाट न बघता तिथूनच सुरुवात करावी.

माझ्या घरी दुसरे बाळ आले त्याला आता बारा वर्षे झाली. थोरली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. बायको दवाखान्यातून आली त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले; पेढे, टोपडी, कुणावर गेलाय, नाक कुणाचे. वडील कुठे दिसेनात म्हणून मी मागच्या सोप्यात गेलो. तिथे ते पाटावर बसले होते आणि समोर थोरली. तिच्या वाटीत वरणभात कालवलेला, वर तूप, बाजूला दाण्याच्या कुटाचा लाडू कुस्करून ठेवलेला. ती दोन घास खाऊन बाळ बघायला पळे, पुन्हा येई. ते घास करून थांबत. मी म्हटले, ‘दादा, तुम्ही बाळाला अजून पाहिलं नाही?’

‘बघतो की,’ ते म्हणाले, ‘हिचं होऊ दे आधी.’ आणि त्यांनी वाटीतला पुढचा घास कालवायला घेतला.